सोमीचा खडा

कमळ्या पादीरला तीन नावं होती, आणि तिन्हींपैकी कुठल्याही नावाने हाक मारली तरी तो जरा उशिराच ओ द्यायचा. आईने ठेवलेलं नाव कमळ्या. साजगावच्या कारखान्यात हजेरी घेणाऱ्या बाबूला ते फारच उघडंवाघडं वाटलं, म्हणून त्याने परस्पर 'कमलाकर' लिहून टाकलं, आणि ते कामावरून निवृत्त होईपर्यंत चिकटून राहिलं. तिसरं नाव वयाच्या छत्तिसाव्या वर्षी मिळालं. ओहोळाच्या पाण्यात बुडी मारून तो वर आला, तेव्हा आबाजी मास्तरांनी त्याच्या ओल्या डोक्यावर हात ठेवून 'शिमोन' म्हटलं. पण वाडीतल्या म्हाताऱ्यांच्या तोंडात त्या शिमोनाचा आठ दिवसांत 'शिमग्या' झाला. मग कमळ्यानेच हात जोडले आणि म्हणाला, बाबांनो, कमळ्याच बरा.

ही वाडी पळसदरीच्या धरणाच्या वरच्या अंगाला, तीसेक घरांची, सगळी ठाकर आदिवासींची. त्यातली नऊ घरं प्रार्थनेला जाणारी. त्यावरून वाडीत कधी डोकी फुटली नाहीत. लग्नाला सगळे असतात, मयताला सगळे असतात, पावसाआधी एकमेकांची छपरं सगळे मिळून शाकारतात. फक्त रविवारी सकाळी ती नऊ घरं मोतीबाईच्या पडवीत जाऊन बसतात आणि बाकीची आपापल्या कामाला जातात. एवढाच काय तो फरक.

आबाजी मास्तर हे मूळचे नगरकडचे. खोपोलीत शाळामास्तर म्हणून आयुष्य गेलं. निवृत्त झाल्यावर घरी बसवेना, तेव्हा कारखान्याच्या फाटकाबाहेर जांभळीखाली, जेवणाच्या सुट्टीत, ते कामगारांना अक्षरं शिकवायला लागले. कमळ्या तिथेच वाचायला शिकला. अंकलिपी हाताशी नव्हती म्हणून मास्तरांनी पिशवीतलं ख्रिस्ती शास्त्र काढलं. एका हातात भाकरी आणि दुसऱ्या हाताचं बोट ओळीवर, अशी कमळ्याची शाळा भरायची.

मास्तरांचं शास्त्र वाचणं मात्र जगावेगळं. दुसरे उपदेशक यायचे ते स्वर्ग-नरक सांगून घाम फोडायचे. मास्तर एवढंच विचारायचे, "हे तुझ्यात कुठे आहे, ते शोध."

"मिसर देश कुठे आहे रे, कमळ्या?"

"आसंल लांब कुठंतरी. इमानानं जात आसतील."

"तुझ्या आत आहे. जिथे तू गुलाम आहेस, तिथे मिसर."

कमळ्याला हे भाकरीसारखं समजलं. घरी जाताना वाटेवर जो दारूचा गुत्ता लागायचा, त्याच्याकडे त्याने त्या संध्याकाळी पहिल्यांदा नीट पाहिलं आणि मनात म्हणाला, हा माझा मिसर. तरी सुटायला दोन वर्षं लागली. मिसरातून सुटलेल्या गुलामांना वाळवंट ओलांडायला चाळीस लागली होती, मला दोनच लागली, असं तो पुढे ऐटीत सांगायचा. शास्त्रात कोसळतात त्या यरीहोच्या भिंती म्हणजे भावकीशी धरलेला अबोला. तळ्यातलं वादळ म्हणजे सोमीशी भांडताना छातीत उठतं ते, आणि त्याच होडीत कुणीतरी शांत झोपलेलं असतं, त्याला उठवायचं. कमळ्या हे सगळं वाडीत येऊन बायकोला सांगायचा. सोमी चूल फुंकत ऐकायची.

सोमी म्हणजे कमळ्याची बायको. उंचीने कमळ्याच्या खांद्याला, बोलायला कमी, चालायला तुरतुरीत. शेवळं, कुर्डू, करवंदं, जे हंगामात रानात असेल ते टोपलीत घालून ती पळसदरी स्टेशनाबाहेर बसायची. तिला एक अक्षर वाचता येत नव्हतं आणि त्याची तिला खंतही नव्हती.

नावांचा सल मात्र कमळ्याच्या मनात होता. एकदा त्याने मास्तरांना विचारलंच, "मास्तर, मी नक्की कोन?"

मास्तरांनी शास्त्राची शेवटची पानं उघडली. जो शेवटपर्यंत टिकेल त्याला एक पांढरा खडा मिळणार, त्या खड्यावर नवं नाव असणार, आणि ते नाव खडा घेणाऱ्याखेरीज दुसऱ्या कुणालाही कळणार नाही, अशी ती गोष्ट.

"ते नाव म्हणजे तू," मास्तर म्हणाले. "आईने ठेवलेलं, बाबूने लिहिलेलं, उद्या मी ठेवीन ते, ही सगळी वरची सालं. आतलं नाव देणारा आतच आहे. गप्प बसलास की ऐकू येईल."

आता कमळ्या पडला हाताने काम करणारा माणूस. खडा म्हटल्यावर त्याला खडा हवा. पाण्यात बुडी मारायचा दिवस आला, तेव्हा त्याने सगळ्यांना सांगितलं की वर येताना ओहोळातली एकेक पांढरी गारगोटी उचलायची. मास्तर आधी हसले. मग विचारात पडले आणि म्हणाले, "घ्या. पण वर काही लिहू नका, रंगवू नका, पुजू नका. ही नुसती खूण आहे." त्या दिवशी अकरा माणसांनी अकरा खडे उचलले. तेव्हापासून ती रीतच पडली. खडा जन्मभर जवळ ठेवायचा, आणि माणूस गेलं की घरच्यांनी तो त्याच्या उजव्या तळहातावर ठेवून मूठ मिटायची. मोतीबाईचा नवरा गेला तेव्हा अशी पहिली मूठ मिटली.

बाकी दहा जणांनी हाताला लागेल तो खडा उचलला. सोमी मात्र गुडघाभर पाण्यात वाकून हुडकत राहिली. आठ वर्षांची नंदा, तिची मुलगी, काठावर उभी राहून "आये, चल की गं" करत रडकुंडीला आली. शेवटी सोमी एक सुपारीएवढा खडा मुठीत धरून बाहेर आली आणि कुणाला न दाखवता तो कमरेच्या चंचीत टाकला.

त्याच दिवशी भाकऱ्या थापताना ती सहज म्हणाली, "मला आलं आयकू."

कमळ्याचा घास हातातच राहिला. "काय आलं?"

"नाव."

"मंग सांग की."

सोमी हसली. "तुला कशाला? घेनाऱ्याखेरीज कुनाला कळायचं नाय. तूच तर वाचून दावलंस."

कमळ्याही हसला. पण ते हसू वरवरचं होतं. वाचायला तो शिकला, मास्तरांच्या मागे तो हिंडला, दारू त्याने सोडली, आणि नाव ऐकू आलं ते हिला, भाकरी थापता थापता! आज ना उद्या आपल्यालाही येईल, असं म्हणून तो गप्प बसायला लागला. धरणाच्या भिंतीवर, कामावरून सुटल्यावर जांभळीखाली, रविवारी प्रार्थना संपल्यावर. खडा तो सदऱ्याच्या खिशात ठेवायचा आणि चाचपत राहायचा. काही ऐकू आलं नाही. मास्तर वारले. पडवीतली प्रार्थना कमळ्या चालवायला लागला. नावाबद्दल तो इतकं सुंदर बोलायचा की बायका पदराने डोळे पुसायच्या. आणि त्याच्या स्वतःच्या खिशातला खडा तीस वर्षं मुका होता. हे त्याने कुणालाही सांगितलं नाही. सोमीलाही नाही.

सोमीचं विसरणं चार वर्षांपूर्वी सुरू झालं. आधी मीठ दोनदा पडायला लागलं. मग एक दिवस ती स्टेशनाहून टोपली घेऊन निघाली आणि वाडी ओलांडून थेट वरच्या रानात जाऊन बसली. गुराख्यांनी आणून सोडलं. नंदा खोपोलीला दिलेली. तिने आईला मोठ्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, वयाने होतं, आता हे वाढत जाणार, जपा. कमळ्याने जपलं. तिला न्हाऊ घातलं, भरवलं, वेणी घालायला शिकला. वेणी वाकडी यायची. नंदा हसायची आणि हसता हसता रडायची.

एक दिवस त्याने "सोमे" म्हणून हाक मारली आणि तिने मान वर केली नाही. पुन्हा मारली. ती अंगणातल्या कोंबडीकडे बघत राहिली. त्या रविवारी पडवीत कमळ्या नेहमीपेक्षा मोठ्याने बोलला. म्हणाला, "वरचं नाव गळून पडलं म्हनून मानूस जात नाय. आतलं नाव पुसता येत नाय." लोक माना डोलावत होते. त्याला मात्र आपलाच आवाज लांबून आल्यासारखा वाटत होता.

त्याच सुमाराला त्याने मोतीबाईला झापलं. म्हातारी प्रार्थनेनंतर आपला खडा कपाळाला लावायची. "मोतीबाय, दगडाला देव करू नको," तो सगळ्यांदेखत म्हणाला. "ही खूण हाय. हरवला तरी काय बिघडत नाय." मोतीबाईने खडा गपकन चोळीत टाकला. तिला वाईट वाटलं, ते त्याला दिसलंही. पण शिकवणारा माणूस एकदा सुरू झाला की थांबत नाही.

सोमीला सगळ्या जगाचा विसर पडला तरी चंचीतला खडा विसरला नव्हता. दिवसभर तो तिच्या हातात असायचा. अंगठा त्याच्यावर फिरत असायचा आणि ओठ हलत असायचे, आवाज नाही. कमळ्या कान जवळ नेऊन बघायचा. श्वासाखेरीज काही ऐकू यायचं नाही. मग भाद्रपदात तिने तो खडा तोंडात घालायला सुरुवात केली. एक दिवस नंदा आलेली असताना तो घशाशी गेला, सोमी निळी पडली, नंदाने पाठीत बुक्क्या घातल्या तेव्हा बाहेर आला.

सोमीने तो लगेच उचलून पुन्हा मुठीत धरला, तशी नंदा म्हणाली, "बाबा, ह्यो आधी काढून घे तिच्याकडनं. परत गिळला तर मी इथं आसंन का?"

पोरीचं म्हणणं रास्तच होतं. कमळ्याने सोमीच्या मुठीतून एकेक बोट सोडवून खडा काढला. ती लहान मुलासारखी ओरडली. आता दुसरा कुणी असता तर त्याने तो खडा ट्रंकेत टाकला असता, वळचणीला खोचला असता, विषय संपला असता. पण कमळ्याने चार दिवसांपूर्वीच मोतीबाईला सगळ्यांसमोर सुनावलं होतं. खडा ट्रंकेत जपून ठेवणं म्हणजे दगडाला देव करणंच झालं असतं. तो तडक साकवावर गेला. खाली ओहोळ दुथडी भरून तांबडा वाहत होता. 'नुसती खूण हाय,' असं तो स्वतःशी म्हणाला आणि खडा भिरकावून दिला. पाण्याच्या खळखळाटात पडल्याचा आवाजसुद्धा आला नाही.

परत येताना त्याला हाताचं नवल वाटलं. हात फार जोरात फिरला होता. हलकेच सोडून देण्यासारखी वस्तू, ती त्याने अंगातली सगळी ताकद लावून फेकली होती. का, ते त्याला कळत होतं. पण त्या दिवशी त्याने ते स्वतःला कळू दिलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून सोमी शोधायला लागली. चंची उलटी करायची, आतून बाहेरून चाचपायची. चुलीतली राख उपसायची. तांदळाच्या डब्यात कोपरापर्यंत हात घालायची. अंथरूण उसवायची. तिला काय हरवलंय ते सांगता येत नव्हतं, काहीतरी हरवलंय एवढंच कळत होतं. आधी ती विसरलेली होती, पण शांत होती. आता ती शांतही राहिली नाही. जेवण सुटलं. अंगठा रिकाम्या बोटांवर घासून घासून कातडी सोलली.

कमळ्या घाबरला. त्याने ओहोळाच्या काठावरून एक पांढरी गारगोटी आणली, अक्रोडाएवढी मोठी, गिळता येऊ नये म्हणून. सोमीने ती घेतली, अंगठा फिरवला आणि बाजूला ठेवली. "माजा नाय."

त्याने दुसरी आणली. "माजा नाय."

पाणी ओसरलं तसा तो ओहोळात उतरायला लागला. साकवापासून खाली, दगड न् दगड उलथत. सुपारीएवढा दिसला की उचलायचा. घरी येऊन तिच्या हातात द्यायचा, तोंडात घालू नये म्हणून समोरच बसून राहायचा. दिवाळी आली नि गेली. रोज दोन, रोज चार. "माजा नाय." आणि रोज त्याला एकच गोष्ट टोचायची: तीस वर्षं खडा त्याच्या घरात होता, आणि त्याने तो एकदाही हातात घेऊन नीट पाहिला नव्हता. पांढरा होता, सुपारीएवढा होता. बास. याच्यापुढे त्याला काही सांगता आलं नसतं. नाव विचारलं, रुसला, पण खडा बघू दे असं काही तो कधी म्हणाला नाही.

मार्गशीर्षातल्या एका दुपारी सोमी अंगणात उन्हाला बसली होती. तिला ताप येत होता, पाण्याखेरीज काही खाली उतरत नव्हतं. कमळ्याला त्या दिवशी ओहोळात काहीच मिळालं नव्हतं. रिकाम्या हाताने तिच्यासमोर जाणं त्याच्या जिवावर आलं. त्याने खिशातून स्वतःचा खडा काढला आणि तिच्या हातावर ठेवला. फसवायचंच होतं तिला, खरं सांगायचं तर. घेतला तर घेतला.

सोमीचा अंगठा खड्यावरून फिरला. थांबला. पुन्हा फिरला. तिचा चेहरा उजळला.

"ह्यो तुला कुठं सापडला, दादा?" ती म्हणाली. गेलं वर्षभर ती त्याला दादा म्हणत होती. वाटेवरच्या कुणाही परक्याला म्हणावं तसं.

"का? तुजा हाय ना?"

"माजा कुठला! ह्यो नंदीच्या बापाचा हाय." ती खडा बोटात फिरवत राहिली. "त्याच्या सदऱ्याच्या खिशात आसतो. त्यो इसरतो काढायला. धुवायच्या आधी मी काढून कुडाच्या फळीवर ठेवते."

तीस वर्षांत हजारदा तरी त्याचा सदरा धुतला गेला असेल. धुतलेला सदरा अंगात घालताना फळीवरचा खडा उचलून खिशात टाकायचा, एवढंच त्याला ठाऊक. तो तिथे कसा येतो, हा प्रश्न त्याला कधी पडलाच नव्हता.

"नेऊन दे त्याला," सोमी म्हणाली. "शोधत आसंल."

"देतो नेऊन," तो कसाबसा म्हणाला. मग राहवलं नाही म्हणून विचारलं, "कसा हाय गं त्यो?"

"चांगला हाय." सोमी गालात हसली, आणि आवाज उतरवून, चहाडी सांगावी तशी म्हणाली, "पन त्याला आजून नाव आयकू आलं नाय. कुनाला सांगत नाय त्यो. लोकांना मोटमोटं सांगतो आन् एकटा बसून रडतो. मला म्हाईत हाय. पन त्याला वाईट वाटंल म्हनून मी इचारत नाय."

तिने खडा त्याच्या तळहातावर ठेवला आणि आपल्या सोललेल्या बोटांनी त्याची मूठ मिटली. "हरवू नको हां, दादा. बिचाऱ्याचा हाय."

कमळ्या त्या अंगणात ढसाढसा रडला. मी कमळ्या, मीच नंदीचा बाप, असं त्याने तिला तीनदा सांगितलं. ती त्याच्याकडे दयेने बघत होती. कुणीतरी परका माणूस आपल्या दारात येऊन रडतोय, त्याला पाणी तरी द्यावं, अशा नजरेने. मग तिचा अंगठा पुन्हा रिकाम्या बोटांवर घासायला लागला.

सोमी पौषात गेली, सकाळी, नंदाच्या मांडीवर.

पूर्ण वाडी जमली. प्रार्थनेची नऊ घरं आणि बाकीचीही. खड्डा खणून झाला. मोतीबाईने सोमीचा उजवा हात चादरीबाहेर काढला, तळवा उघडला आणि कमळ्याकडे पाहिलं. रीतीप्रमाणे आता त्याने खडा ठेवायचा होता. सगळे थांबले. नंदाने खाली मान घातली. खडा बापाने कुठेतरी जपून ठेवला असेल, आई गिळेल म्हणून देत नसेल, असंच तिला इतके दिवस वाटत होतं, पण आता त्याचा चेहरा बघून तिला कळलं.

"खडा नाय," कमळ्या म्हणाला. "मी टाकला. ओहोळात."

त्याने सोमीच्या उघड्या तळव्याकडे पाहिलं.

"घशात आडकत व्हता, हे खरं हाय. पन ठेवता आला आसता. मी टाकला. तिला नाव आयकू आलं व्हतं. मला नाय आलं. आजून नाय. तीस वर्सं मी तुमाला खोटं नाय सांगितलं, शास्त्रातलंच सांगितलं. पन माज्याकडं नव्हतं ते. तिच्याकडं व्हतं. म्हनून टाकला."

मोतीबाईने चोळीतून आपला खडा काढला. "माजा घाल तिला."

"नको, मोतीबाय. तिला कळंल, तिचा नाय म्हनून."

"मंग तुजा घाल."

"तिनं तो मला परत दिलाय," कमळ्या म्हणाला. आणि त्याने सोमीचा रिकामा तळवा दोन्ही हातांत धरून, सोललेलं बोट न् बोट वळवून, मूठ तशीच मिटली.

त्यानंतर पडवीत प्रार्थना मोतीबाई चालवते. तिला वाचता येत नाही, म्हणून भाग्यश्री नावाची सून वाचून दाखवते आणि मोतीबाई मनाला येईल ते सांगते. कमळ्या मागे खांबाला टेकून बसतो. त्या दिवसानंतर लोक आपल्याला तोंड दाखवू देणार नाहीत असं त्याला वाटलं होतं. उलट दोन-तीन जणांनी एकटं गाठून हळूच सांगितलं की आमालाबी काय आयकू आलेलं नाय, आमाला वाटलं तुला आलं आसंल. त्याने ते ऐकून घेतलं. त्यामुळे त्याला बरं वाटलं नाही आणि वाईटही वाटलं नाही.

सकाळी उन्हं आली की तो अजूनही ओहोळात उतरतो. शनिवार-रविवारी धरणावर आलेली शहरातली माणसं त्याला विचारतात, "काका, काय शोधताय?" तो म्हणतो, खडा. त्यांना वाटतं म्हातारा घर बांधतोय. दाराशी पांढऱ्या गारगोट्यांचा ढीग आता गुडघ्याएवढा झालाय. नंदा दर गुरुवारी येते, ढिगाकडे बघते आणि म्हणते, "बाबा, चल ना खोपोलीला." तो म्हणतो, येईन. त्या ढिगात सोमीचा खडा असेलही. कदाचित पहिल्याच आठवड्यात सापडून गेला असेल, आणि विसरण्याच्या भरात तिने "माजा नाय" म्हटलं असेल. एकेक खडा उचलून तो अंगठा फिरवून बघतो. त्याला काहीच कळत नाही. खडा घेणाऱ्याखेरीज कुणालाही कळणार नाही, हे वचन त्याने शेकडो वेळा आनंदाचं म्हणून वाचून दाखवलं होतं. त्यात एवढं एकटेपण असेल असं त्याला कधी वाटलं नव्हतं.

परवा त्याने दाराशी कपडे धुवायला काढले. सोमीच्या आजारात नंदा धुऊन द्यायची, आता हे काम त्याचंच. सदरा भिजवला, साबण लावला, आणि उचलून दगडावर आपटला, तर टक्कन आवाज आला. खिशात खडा राहिला होता.

"अगं, खडा काढला नाय का?" तो घराकडे तोंड करून ओरडला.

मग तो ओला सदरा तसाच हातात धरून खाली बसला. बऱ्याच वेळाने त्याने खिशातून खडा काढला. त्याचा एक कपचा उडाला होता. तो उठला, आत गेला आणि खडा कुडाच्या फळीवर, ती ठेवायची तिथे, ठेवून परत येऊन सदरा धुवायला लागला.